मरुतचा पहिला वैमानिक

(सांगली येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सांगली-साताऱ्याची कितीतरी मुले आज बंगळुरात नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही सुरंजन दास हे नाव विचारा. तो चटकन सांगेल की जुन्या मद्रास रोडवरून जुन्या विमानतळाकडे जाणारा तो रस्ता, आणि तिथे संध्याकाळी गाडी पुढे सरकत नाही. रस्त्याला नाव दिले की माणूस आठवणीत राहतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात फक्त रस्ता राहतो. ज्याच्या नावाचा तो रस्ता आहे तो वैमानिक आज आपला विषय आहे. तो बंगाली होता, आयुष्यभर बंगळुरात उडाला आणि तिथेच गेला. मग सांगलीत त्याच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. त्याच्या गोष्टीत आपल्या भागातली तीन माणसे इतक्या मोक्याच्या जागी उभी आहेत की ती गोष्ट आपल्याला परकी म्हणता येत नाही. ती कोण, ते ओघात येईलच.

आधी एका आठवड्याची हकीकत सांगतो. १७ जून १९६१ रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या धावपट्टीवरून एक नवे लढाऊ विमान पहिल्यांदा आकाशात गेले. त्याचे नाव एचएफ-२४, पुढे ज्याला आपण ‘मरुत’ म्हणू लागलो. आत एकटे विंग कमांडर सुरंजन दास होते. २३ जूनला साताऱ्यात देशातली पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. लगेच दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, संरक्षण मंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर तेच विमान पुन्हा उडवून दाखवण्यात आले. सैनिकी शाळांची योजनाही मेनन यांच्याच खात्याची. एका बाजूला उद्याचे अधिकारी घडवायची शाळा आणि दुसऱ्या बाजूला उद्याचे विमान, दोन्ही एकाच आठवड्यात. शाळेने आपले काम चोख केले. साताऱ्याच्या त्या शाळेत शिकलेले प्रदीप नाईक पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. विमानाचे काय झाले, ते सांगायला मात्र वेळ लागेल.

सुरंजन दास यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२० चा. वडील सुधीरंजन दास पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि त्यानंतर विश्वभारतीचे कुलगुरू. अशा घरातला मुलगा बॅरिस्टर झाला असता तर कोणाला नवल वाटले नसते. पण ही दुसऱ्या महायुद्धाची पिढी. त्या काळात हवाई दलात आलेल्या तरुणांची विशी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि तिच्या मागच्या तळांवर गेली. हरिकेन, स्पिटफायर ही त्यांची विमाने. आपले हृषीकेश मुळगावकर, पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले आणि २०१५ साली पुण्यात वारलेले, ते याच पिढीचे.

युद्ध संपल्यावर या वैमानिकांपुढे दोन वाटा होत्या. बहुतेकांनी तुकडी, तळ, बढती अशी नेहमीची वाट धरली. अगदी मोजक्यांनी दुसरी धरली, ती चाचणी वैमानिकाची. दास इंग्लंडला एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये गेले. १९४३ साली युद्ध चालू असतानाच ही शाळा काढावी लागली, कारण नवी विमाने कारखान्यांतून इतक्या वेगाने बाहेर पडत होती आणि त्यांत इतके कसलेले वैमानिक मरत होते की केवळ धाडसावर भागेना. तिथून शिकून आलेल्या पहिल्या भारतीयांत दास होते.

इथे थोडे थांबतो, कारण टेस्ट पायलट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला बेफिकीर माणूस येतो. लढाऊ वैमानिकाला विमान हे साधन असते. ते काय करू शकते हे त्याला पुस्तकात छापून दिलेले असते. ते पुस्तक लिहिण्यासाठी आधी कोणीतरी वर गेलेले असते, आणि तो चाचणी वैमानिक. किती वेगाला पंख थरथरू लागतात? कोणत्या कोनात पंखांचा आधार सुटतो आणि सुटताना आधी कुठला पंख खाली जातो? गिरकीत सापडलेले विमान किती फेऱ्यांनंतर आणि कोणत्या युक्तीने बाहेर येते? तोफ डागली की नाकाशी काय हलते? आज अमुक वेगापर्यंत, उद्या त्याहून थोडे पुढे, अशी एकेक पायरी चढत जायची. मांडीवर बांधलेल्या पाटीवर आकडे टिपायचे, खाली उतरून अहवाल लिहायचा, आणि त्या अहवालात कारखान्याची, अभियंत्याची, मंत्र्याची भीड ठेवायची नाही. माझ्या मते या कामाची खरी परीक्षा वर आकाशात होत नाही, ती त्या अहवालाच्या कागदावर होते.

कसरती आणि चाचण्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे लोकांना वाटते. तसे नाही, हे एका परदेशी उदाहरणाने सांगतो. यान झुराकोव्स्की नावाचा पोलिश वैमानिक. १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला झाला तेव्हा जुनाट विमानातून जर्मनांशी लढला, देश पडल्यावर इंग्लंडला पोहोचला आणि ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये उतरला. त्यात त्याचे विमान पडले, तो हवाई छत्रीने वाचला. दासांच्या त्या शाळेतलाच हाही विद्यार्थी. (जाता जाता सांगतो, याच युद्धाने देशोधडीला लागलेली पोलिश कुटुंबे आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती आणि त्यांतले आजारी आणि शाळकरी मुले आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला. जुन्या पाचगणीकरांना ही गोष्ट ठाऊक आहे.) १९५१ च्या फार्नबरो प्रदर्शनात झुराकोव्स्कीने दोन इंजिनांचे मीटिअर विमान, पंखाखाली रॉकेटे लटकवलेली असताना, सरळ उभे वर नेले. वेग संपत आला, विमान जवळजवळ थांबले, तेव्हा त्याने एक इंजिन बंद करत आणले आणि दुसरे पूर्ण जोरात ठेवले. विमान हवेत चाकासारखे फिरले! जमलेले तज्ज्ञ अवाक झाले. हे कोणी कधी केले नव्हते. पण त्यामागे इंजिने पंखांवर किती अंतरावर आहेत, इंधन किती उरले आहे, वजन कुठे आहे याचा आधी मांडलेला हिशेब होता. ज्याला विमानाच्या मर्यादा मोजायची सवय असते तोच त्या मर्यादेवर नाचू शकतो. हाच झुराकोव्स्की पुढे कॅनडात गेला आणि १९५८ मध्ये ‘ॲरो’ या त्या काळच्या अत्यंत प्रगत लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण त्याने केले. ॲरोसाठी खास कॅनडाचे इंजिन तयार होत होते. त्या इंजिनावर विमान उडण्याआधीच, फेब्रुवारी १९५९ मध्ये, सरकारने सारा प्रकल्प रद्द केला आणि तयार विमाने तोडून भंगारात काढली. हे इंजिनाचे दुखणे लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता आपल्या तीन माणसांकडे येतो. पहिले वालचंद हिराचंद. सांगलीत त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे ते नाव इथे रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असते. पण ज्या कारखान्यात सुरंजन दास यांनी आयुष्य घालवले तो कारखानाही वालचंदांनीच काढला, हे त्या महाविद्यालयातल्या किती मुलांना ठाऊक असेल? २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या मदतीने त्यांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. सोलापूरचा हा माणूस जहाजे, मोटारी आणि विमाने या तिन्हींच्या मागे एकाच वेळी लागला होता. युद्ध भडकले आणि १९४२ मध्ये कारखाना सरकारने ताब्यात घेतला. वालचंद बाजूला झाले, कारखाना उरला.

दुसरे विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या गावचे, जन्म १९०८ चा. तिथून ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून आले. वायुगतिशास्त्रात प्रांटल यांचे शिष्य असणे म्हणजे काय, हे त्या विषयाचा विद्यार्थीच जाणे. आपल्याकडे परत येऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग उभा केला आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आराखड्यांचे काम हाती घेतले. त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. ते चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुनशी यांनी उडवले. पुढे पुष्पक, कृषक आणि किरण ही विमानेही घाटग्यांचीच. ‘किरण’ या जेट शिकाऊ विमानाचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ ला सुरंजन दास यांनीच केले. आराखडा गडहिंग्लजकराचा, चाचणी कलकत्तेकराची. या एका विमानावर आपल्या हवाई दलातल्या वैमानिकांच्या कितीतरी पिढ्या घडल्या. १९९६ मध्ये बिदरच्या तळावर ‘सूर्यकिरण’ हे कसरती पथक उभे राहिले तेही याच किरण विमानांवर. नऊ विमाने एकमेकांच्या पंखांजवळून जाताना पाहून आपण टाळ्या वाजवल्या, त्या विमानाचा स्वभाव आधी एका माणसाने एकट्याने वर जाऊन ओळखून ठेवला होता.

मरुत मात्र घाटग्यांच्या आराखड्याचे नव्हते. ते कुर्ट टांक यांचे. दुसऱ्या महायुद्धातले फोके-वुल्फ १९० हे जर्मनीचे गाजलेले लढाऊ विमान टांक यांनी घडवले होते. युद्धानंतर ते अर्जेंटिनात होते, तिथून १९५६ मध्ये आपल्या माणसांसह बंगळुरात आले. टांक स्वतः वैमानिक होते, स्वतःची विमाने स्वतः उडवत. त्यांच्या आणि दासांच्या बोलण्यात दुभाष्याची गरज पडली नसावी, असे मला वाटते.

त्या वेळी आपल्याकडे आवाजाच्या वेगाने जाणाऱ्या विमानाचे प्रारूप पारखायला पुरेशी साधने नव्हती. म्हणून एक गमतीदार पण अत्यंत व्यवहारी युक्ती काढली गेली. मरुतच्या पूर्ण आकाराचे लाकडी विमान बनवले, इंजिनाशिवाय. एका डकोटा मालवाहू विमानाला ते बांधायचे, ओढत वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. आत बसलेल्या वैमानिकाने ते तरंगत खाली आणायचे. १९५९ मध्ये या चाचण्या सुरू झाल्या आणि पाऊणशेच्या आसपास उड्डाणे झाल्यावर पुढचे चाक न उघडल्यामुळे उतरताना हे लाकडी विमान मोडले. तोपर्यंत त्याचे काम झाले होते. पंखांचा आकार हवेत कसा वागतो हे आकड्यांत मिळाले होते. म्हणजे मरुतची पहिली चाचणी इंजिनाविनाच झाली. पुढे जे झाले ते पाहता हा शकुन म्हणायचा की काय!

आता दुखण्याकडे येऊ. टांक यांनी विमान आखले ते ऑर्फियस जातीच्या एका मोठ्या ब्रिटिश इंजिनावर भरवसा ठेवून. ते इंजिन तयार व्हायचे होते. ब्रिटिशांनी त्याचे काम पुढे न्यायला पैसा मागितला, तो परकीय चलनात. आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई, दिल्लीने नकार दिला. इंजिन झालेच नाही. मग त्याच जातीचे कमी ताकदीचे, हवाई दलाच्या नॅट विमानात वापरलेल्या जातीचे इंजिन, प्रत्येकी ४,८५० पौंड रेट्याचे, मरुतमध्ये दोन बसवले. चौकट आवाजाच्या दुप्पट वेगाकडे बघणारी आणि ताकद आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्याशी अडखळणारी. दास यांनी पहिले उड्डाण केले तेव्हाच हे उघड होते. विमान हातात गोड होते. ज्यांनी ज्यांनी मरुत उडवले त्यांनी त्याच्या वागण्याचे कौतुक केले आहे. कमी होती ती ताकदीचीच.

नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनने उत्तर सीमेवर नामुष्की पदरात टाकल्यावर, मेनन मंत्रिपदावरून गेले आणि संरक्षण खाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. आपले तिसरे माणूस ते. देवराष्ट्र्यात जन्म, कराडात वाढ. एक गाव आज सांगली जिल्ह्यात, दुसरे साताऱ्यात. त्यांनी खाते घेतले तेव्हा इंजिनाचा निर्णय होऊन गेला होता. यशवंतरावांच्या हाती एक उडणारे पण अपुऱ्या ताकदीचे विमान आले. हे सांगायचे कारण असे की त्यांच्या चरित्रांत १९६५ चे युद्ध भरपूर असते आणि हे फारसे नसते. १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी हवाई दल प्रमुख अर्जनसिंग त्यांच्याकडे आले, छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. यशवंतरावांनी तिथल्या तिथे हवाई हल्ल्याला परवानगी दिली. हा निर्णय धैर्याचा होता, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या संध्याकाळी पाठवली गेलेली व्हॅम्पायर विमाने मात्र महायुद्धाच्या अखेरच्या काळातल्या घडणीची होती, आणि त्यांतली चार परत आली नाहीत. मरुत तेव्हा कुठे होते? मे १९६४ मध्ये दोन विमाने हवाई दलाला सुपूर्द झाली होती, आणि पहिली पूर्ण तुकडी उभी राहायला १९६७ उजाडले.

यशवंतरावांच्या काळात इंजिनासाठी नव्या वाटा शोधल्या गेल्या. सर्वांत विलक्षण वाट इजिप्तकडे गेली. तिथे जर्मन विमान-अभियंते मेसरश्मिट ‘एचए-३००’ नावाचे लढाऊ विमान करत होते आणि ऑस्ट्रियन अभियंता ब्रांडनर त्यासाठी नवे इंजिन घडवत होता. त्या इंजिनावर मरुतचे भागेल असा आपला विचार होता. ७ मार्च १९६४ रोजी एचए-३०० चे पहिले उड्डाण हेलवानला झाले, आणि ते केले आपले चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी. पुढे एक मरुत इजिप्तला नेऊन त्यावर ब्रांडनरच्या इंजिनाची चाचणीही झाली. मग १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध झाले. इजिप्तला हा प्रकल्प पेलेना आणि १९६९ मध्ये तो बंद झाला. टांकही तोवर भारतातून गेले होते.

राहिला एकच उपाय. हाताशी असलेल्या ऑर्फियसलाच मागे जळतीची जोड द्यायची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम वायूत पुन्हा इंधन जाळून रेटा वाढवायचा. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ती जोड तयार केली. त्या सुधारित मरुतचे चाचणी उड्डाण १० जानेवारी १९७० रोजी होते. उडवत होते ग्रुप कॅप्टन सुरंजन दास. धावपट्टी सोडल्यावर थोड्याच वेळात विमान कोसळले आणि दास त्यात गेले. वयाची पन्नाशी पुरी व्हायला दीड महिना कमी होता. चाचणी वैमानिकाच्या मृत्यूला आपण सहज ‘बलिदान’ म्हणतो. मला तो शब्द इथे पटत नाही, कारण त्याने चूक कोणाची होती हा प्रश्न झाकला जातो. दास त्या दिवशी एका तडजोडीची चाचणी घेत होते. ती तडजोड दहा वर्षांपूर्वी न खर्चलेल्या पैशातून जन्मली होती.

मरुत फसले, असे सर्रास लिहिले जाते. त्याला उत्तर १९७१ ने दिले आहे. डिसेंबरच्या त्या युद्धात मरुतच्या तुकड्या राजस्थानच्या आघाडीवर जमिनीलगत जाऊन रणगाडे, आगगाड्या, तोफखाने फोडत होत्या. गोळ्या लागून एक इंजिन बंद पडलेली विमाने दुसऱ्या इंजिनावर परत आली. दोन इंजिनांचा टांक यांचा हट्ट तिथे कामी आला. ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर बक्षी यांनी मरुतवरून एक पाकिस्तानी सेबर विमान पाडले. चारही तोफा एकदम डागल्या की बसणारे हादरे हे दुखणे मात्र शेवटपर्यंत राहिले. ज्यासाठी आखले ते उंचावरचे द्वंद्व मरुतच्या वाट्याला आले नाही. जे काम पडले ते त्याने नेटाने केले. एकूण १४७ मरुत बनली आणि नव्वदच्या सुमारास ती निवृत्त झाली. पुण्याच्या कमला नेहरू पार्कात एक ठेवलेले आहे. मुले त्याच्याभोवती पकडापकडी खेळतात. त्यात गैर काही नाही. पण आईबापांनी ते काय आहे हे एकदा सांगायला हरकत नसावी.

आता माझे मत सांगून थांबतो. आपल्याकडे मरुतच्या अपयशावर बोलताना आराखड्यात दोष काढतात, कारखान्यात दोष काढतात, हवाई दलाच्या वाढत्या अपेक्षांकडे बोट दाखवतात. या तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण घाटग्यांचे एचटी-२ इंग्रजी इंजिनावर उडाले, किरण इंग्रजी इंजिनावर उडाले, मरुत इंग्रजी इंजिनावर अडले. गेल्या शतकातल्या आपल्या प्रत्येक विमानाच्या गोष्टीत हेच पान येते. विमान ही पंखांची गोष्ट आहे असे आपण समजत राहिलो, आणि ज्यांच्या हाती इंजिन होते त्यांनी आपला वेग ठरवला. दास, मुनशी, भार्गव यांच्यासारखे वैमानिक आपल्याकडे निपजले, घाटग्यांसारखा अभियंता निपजला. धातूचे शास्त्र, तप्त वायूत फिरणाऱ्या पात्यांचे शास्त्र आणि त्यासाठी वीस-पंचवीस वर्षे न डगमगता पैसा ओतणारे सरकार, हे मात्र वेळेवर जमले नाही.

पंप आणि यंत्रे ओतून या जिल्ह्याने नाव मिळवले. इथल्या किर्लोस्करवाडीत ओतशाळेचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, वालचंद महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवली जाते. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती की सॉफ्टवेअरची नोकरी जरूर करा, पण तुमच्यातल्या दहा-पाच जणांनी टर्बाइनच्या पात्याकडे वळा. दासांच्या शेवटच्या विमानाला जळतीची जोड देणाऱ्या त्याच संस्थेने १९८९ पासून ‘तेजस’ या देशी लढाऊ विमानासाठी ‘कावेरी’ या इंजिनावर काम केले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ‘तेजस’चे पहिले उड्डाण केले तेव्हा त्यात अमेरिकन इंजिन होते. आज हवाई दलात असलेल्या तेजसमध्येही अमेरिकनच आहे.